पावसाळी ट्रेलवर दुहेरी काचेचा गॉगल: तीन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

आपल्याकडे गॉगल म्हटले की उन्हात घालायचा काळा चष्मा डोळ्यांसमोर येतो. हा अभिप्राय त्या गॉगलविषयी नाही. मोटोक्रॉस हेल्मेटच्या उघड्या तोंडात बसणारा, फोमच्या चौकटीने चेहऱ्याला घट्ट टेकणारा आणि रुंद पट्ट्याने हेल्मेटभोवती अडकवला जाणारा जो गॉगल कच्च्या वाटांवर मोटरसायकल चालवणारे वापरतात, त्याविषयी, आणि त्यातही त्याच्या काचेवर आतून धरणाऱ्या वाफेविषयी मला लिहायचे आहे. पानशेतच्या जलाशयाला वळसा घालून घोळकडे, वेल्ह्याहून केळद आणि मढे घाटाकडे, मुळशीच्या मागच्या अंगाला, अशा परिसरातल्या कच्च्या वाटांवर मी गेले तीन पावसाळे दोनशे सीसीची हलकी मोटरसायकल चालवते आहे. या काळात एक एकेरी काचेचा गॉगल, एक दुहेरी काचेचा गॉगल, वाफरोधक स्प्रेची एक बाटली, न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात सापडणारे बहुतेक उपाय आणि श्वास खाली वळवणारा एक मुखवटा, एवढे सगळे मी स्वतःच्या पैशाने विकत घेऊन वापरले. मला चष्मा आहे, त्यामुळे माझा त्रास इतरांपेक्षा थोडा अधिक, हेही आधीच सांगून ठेवते.

वाफ का धरते हे एकदा नीट कळले की दुकानातल्या निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतात. घरी भाजी करपू नये म्हणून आपण कढईवर ताट झाकतो आणि त्या ताटात पाणी ओततो. वरच्या पाण्यामुळे ताट गार राहते, खालची वाफ त्याला लागून थेंब बनते आणि पुन्हा भाजीत पडते. गॉगलची काच म्हणजे हेच ताट. बाहेरून तिच्यावर पाऊस पडत असतो, आतल्या बाजूला 33-34 अंशांचा घामेजलेला चेहरा असतो आणि खालून नाकातोंडाची वाफ वर येत असते. आपला उच्छ्वास साधारण 34 अंशांचा आणि बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. 34 अंशांची संपृक्त हवा घनमीटरला सुमारे 37 ग्रॅम पाणी धरून ठेवू शकते, तर 24 अंशांची जेमतेम 22 ग्रॅम. काच 24 अंशांवर असेल तर मधला फरक कुठे तरी उतरणारच, आणि त्याला उतरायला समोर काच असते. तिथे जमणाऱ्या बारीक थेंबांतून प्रकाश सरळ येत नाही, तो चहूकडे विखुरतो, म्हणून पाणी पारदर्शक असूनही काच पांढरी दिसते.

गॉगलच्या वायुवीजनाविषयी जे काही वाचायला मिळते, ते बहुतेक कोरड्या प्रदेशात गाडी चालवणाऱ्यांनी लिहिलेले असते. ‘चालत राहा, वारा लागला की काच साफ होते’ हा त्यांचा सल्ला त्यांच्या हवेत खरा आहे. डिसेंबरात सासवडच्या पुढच्या माळांवर पहाटे 12 अंशांत मलाही तोच अनुभव येतो. थांबले की काच पांढरी होते, पण गाडी हलली की चार-सहा सेकंदांत स्वच्छ होते, कारण बाहेरच्या हवेत घनमीटरला सहा-सात ग्रॅमच पाणी असते आणि ती आतले बाष्प सहज उचलून नेते. जुलैत सह्याद्रीच्या माथ्यावरची हवा मात्र स्वतःच काठोकाठ भरलेली असते. 24 अंश तापमान आणि 95 टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातले बाष्प थेंब बनू लागते तो, 23 अंशांच्या आसपास येतो. म्हणजे आत शिरणारा वारा काच कोरडी करू शकतो, पण त्याच्या हातात एखाद-दुसऱ्या अंशाचीच सवड असते, आणि पहिल्या गिअरमध्ये ताशी दहा किलोमीटरने दगडांवरून चढणाऱ्या गाडीला मुळात वारा लागतोच किती! त्यामुळे आपल्या पावसाळ्यात गॉगलची पारख करताना त्याला किती छिद्रे आहेत यापेक्षा काच किती उबदार राहते आणि आतली ओल मुळात किती कमी राहते, हे पाहावे, असे माझे मत झाले आहे.

पहिल्या पावसाळ्यात मी साध्या एकेरी काचेचा गॉगल घेतला होता. वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘अँटी-फॉग’ लिहिलेले होते आणि ते खोटे नव्हते. काचेच्या आतल्या बाजूला पाण्याला जवळ करणारा पातळ लेप होता. असा लेप बाष्पाला अडवत नाही, त्याचे थेंब होऊ न देता पाणी सपाट पसरवतो, आणि सपाट पसरलेल्या पाण्यातून दिसते. पण या लेपाची पाणी पोटात घेण्याची मर्यादा ठरलेली असते. ती संपली की काचेवर पाण्याचा जाडसर थर साचतो, त्यातून समोरचे दृश्य वितळल्यासारखे दिसू लागते आणि मग थेंब ओघळतात. दुसरे म्हणजे हा लेप हातमोज्याच्या बोटाने एकदा जरी पुसला तरी त्या जागी कायमचा जातो. मी तो पहिल्याच महिन्यात पुसला. उजव्या डोळ्यासमोर रुपयाएवढा एक पांढरा ठिपका उरलेल्या सगळ्या मोसमात माझ्या सोबतीला राहिला, आणि तो नेमका वळणाच्या आतल्या बाजूला असल्यामुळे उजवे वळण आले की मला मान कोंबडीसारखी वाकडी करून पाहावे लागे. उन्हाळ्यातल्या धुळीसाठी तो गॉगल अजून चांगला चालतो, म्हणून त्याला टाकाऊ म्हणणार नाही. पावसासाठी त्याची शिफारस मात्र करणार नाही.

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याच्या नाना पेठेत, जिथे दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत, तिथल्या एका दुकानात मी दुहेरी काचेचा गॉगल पाहिला. दुकानदार स्वतः गाडी चालवणारे निघाले. मी आत बोट घालून काच चाचपायला लागले तेव्हा ते घाईने म्हणाले, “ताई, आत हात नका लावू. ही काच कधी पुसायची नाही, टिपायची.” त्या एका वाक्याने माझे पुढचे बरेच पैसे वाचले, म्हणून इथे त्याची नोंद करते.

दुहेरी काच म्हणजे बाहेर पॉलिकार्बोनेटची, म्हणजे कठीण पारदर्शक प्लॅस्टिकची, एक काच, आत तिच्यापेक्षा पातळ दुसरी काच, दोन्हींच्या मध्ये कडेने बसवलेली फोमची पट्टी आणि त्यामुळे बंदिस्त झालेला हवेचा थर. काम करतो तो हा थर. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे, पॉलिकार्बोनेटच्या जवळपास आठपट वाईट, त्यामुळे बाहेरची काच पावसाने कितीही गार पडली तरी आतली काच चेहऱ्याच्या उबेत राहते आणि दवबिंदूच्या खाली सहसा उतरत नाही. कढईचे उदाहरण पुढे न्यायचे तर ताटाखाली दुसरे ताट बोटभर अंतर सोडून धरल्यासारखे हे आहे. पाणी वरच्या ताटात असते, वाफ लागते ती खालच्याला. आतली काच पुष्कळदा सेल्युलोज अॅसिटेटच्या जातीची असते. तिच्या पृष्ठभागावर अल्कलीची प्रक्रिया केली की ती पाणी शोषून पसरवू लागते, म्हणजे वरून दिलेल्या लेपापेक्षा हा गुण तिच्या अंगातच अधिक मुरलेला असतो. बर्फावर घसरणाऱ्यांच्या गॉगलमध्ये ही रचना फार वर्षांपासून आहे. मोटरसायकलच्या बाजूला स्कॉट, हंड्रेड पर्सेंट, ओकली यांच्यासारख्या कंपन्या त्यांच्या काही चौकटींसाठी दुहेरी काच देतात, काही वेळा गॉगलबरोबर आणि काही वेळा वेगळी विकत घेण्यासाठी. मी घेतलेला गॉगल यांपैकी कोणाचा नाही. तो त्याच धर्तीवरचा, बराच स्वस्त आहे आणि त्याचे काही दोष पुढे सांगायचे असल्यामुळे त्याचे नाव घेत नाही.

पहिली खरी परीक्षा केळदच्या बाजूला एका लाल चिखलाच्या चढावर झाली. पुढच्या दोन गाड्या आडव्या झाल्या होत्या, मी मध्येच अडकले होते, आणि गाडी धरून, पाय रोवून, धापा टाकत तीन-चार मिनिटे उभे राहावे लागले. एकेरी काचेच्या गॉगलमध्ये अशा वेळी पहिल्या अर्ध्या मिनिटात जग नाहीसे होत असे. या खेपेला खालच्या कडेला, नाकाच्या दोन्ही बाजूंना, अंगठ्याएवढे दोन पांढरे पट्टे उमटले आणि तिथेच थांबले. मधली काच शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. त्यानंतर दोन मोसमांत मी हा गॉगल मोजून पंचवीसेक दिवस पावसात वापरला असेल. पूर्ण काच पांढरी झाल्याचे प्रसंग त्यात तीनच आले, आणि त्या तिन्ही वेळी चूक काचेची नव्हती: एकदा फोम आदल्या दिवसापासून ओला होता, एकदा मी बफ (गळ्याभोवती घालायची कापडी नळी) नाकावर ओढून घेतला होता आणि एकदा गॉगल कपाळावर चढवून चहा प्यायले होते.

आता दोष. पहिला दोष या रचनेतच आहे: दोन काचांच्या मध्ये पाणी शिरले की कोणताही उपाय चालत नाही. माझ्या पहिल्या काचेची कडेची पट्टी दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका कोपऱ्यात सुटली. गॉगल धुताना मी तो बादलीत बुडवला होता, हे त्याचे बहुधा कारण असावे. त्यानंतर दोन काचांच्या मध्ये जे धुके बसले ते ना आतून पुसता येई, ना बाहेरून. तांदळाच्या डब्यात चार दिवस ठेवून ते कमी झाले, पण गेले नाही, आणि शेवटी काच बदलावी लागली. तेव्हापासून मी गॉगल बुडवत नाही. बाहेरचा चिखल बारीक धारेखाली, न चोळता, वाहू देते आणि आतल्या बाजूला गरज पडली तरच स्वच्छ पाण्याचा शिडकावा करून मऊ कापडाने टिपते. अॅसिटेटची काच ओली असताना मऊ पडते आणि त्या अवस्थेत चोळली तर तिच्यावर केसासारखे ओरखडे उठतात. दुकानदारांचे ‘टिपायची’ हे त्यासाठीच होते. दुसरा दोष दिसण्याचा. दोन काचा म्हणजे प्रकाश परतवणारे चार पृष्ठभाग, त्यामुळे संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याची एक फिकट सावली शेजारी दिसते. दाट झाडीत अंधारून आले की ही गोष्ट जाणवते. तिसरा दोष किरकोळ: गॉगल थोडा जड आहे आणि लहान तोंडाच्या हेल्मेटमध्ये बसवताना कडा घासतात. काच बदलायला मात्र दोन माणसे आणि एक शिवी लागते, असा माझा अनुभव आहे.

चष्मा असणाऱ्यांसाठी दोन शब्द अधिक. चष्म्यावरून घालता येणाऱ्या गॉगलच्या फोमला दोन्ही कानशिलांकडे चष्म्याच्या काड्यांसाठी खाच असते आणि त्याची खोलीही थोडी जास्त असते. ही खाच नसेल तर काडीच्या जागी फोम उचलला जातो, तिथून चिखलाचे पाणी आत येते आणि काडी कानावर रुतते ती वेगळीच. मला भीती होती की गॉगलच्या आत चष्म्याच्या काचांवरही वाफ धरून दुप्पट आंधळेपण येईल. प्रत्यक्षात उलटे घडते. चष्मा गॉगलच्या आतल्या उबेत असतो, त्यामुळे गॉगल चढवल्यावर पहिली एक-दोन मिनिटे त्यावर वाफ येते, मग तो गरम झाला की स्वतःहून साफ होतो आणि नंतर सहसा त्रास देत नाही. म्हणून हल्ली मी निघण्याच्या दोन मिनिटे आधीच सगळे चढवून, गाडी चालू करून, उभी राहते. सोबतच्या मंडळींना हा माझा ध्यानाचा वेळ वाटतो. कॉन्टॅक्ट लेन्स लावून चिखलाच्या पाण्यात जाणे मला पटत नाही, त्यामुळे त्या वाटेचा अनुभव मी देऊ शकत नाही.

स्प्रेची बाटली 30 मिलिलिटरची होती आणि तिच्या आकाराच्या मानाने महाग होती. वापरायची रीत अशी: काच धुऊन पूर्ण कोरडी करायची, पातळ फवारा द्यायचा, मायक्रोफायबरच्या फडक्याने पसरवायचा, वाळू द्यायचा आणि वर आलेला धुरकटपणा हलक्या हाताने उतरवायचा. एकेरी काचेवर, जिचा मूळचा लेप निघून गेला आहे अशा जुन्या काचेवर, याचा खरा उपयोग होतो. संततधार पावसात माझ्याकडे तो दीड ते दोन तास टिकला, रिमझिमीत अर्धा दिवस. पण ज्या काचेवर कारखान्यातला लेप शाबूत आहे तिच्यावर स्प्रे मारणे म्हणजे चांगल्या रंगावर चुना फासण्यासारखे आहे. दोन्ही लेपांचे जमेलच असे नाही आणि अनेक उत्पादक आपल्या काचांवर दुसरे काही लावू नका असे स्पष्ट लिहितात. म्हणजे नवा दुहेरी काचेचा गॉगल घेणाऱ्याला स्प्रेची गरज नाही, आणि जुना एकेरी गॉगल चालवून घेणाऱ्याला तो निम्मा उपाय आहे.

बाटलीतल्या द्रवाचे मुख्य काम पाण्याचा पृष्ठताण मोडण्याचे आहे, आणि तेच काम साबणाच्या जातीची कोणतीही वस्तू करते. लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब ओल्या बोटाने पसरवून वाळू दिला तर परिणाम स्प्रेच्या फार मागे नसतो; माझ्याकडे तो सुमारे तासभर टिकला. भांडी घासायच्या द्रवानेही तेवढेच होते, पण कपाळाचा घाम त्यात मिसळून डोळ्यात उतरला की जी आग होते ती घाटाच्या मध्यावर परवडणारी नाही. दाढीचा फेस लावून पुसणे हाही त्यातलाच प्रकार आहे आणि तो बरा चालतो. कापलेला बटाटा मी एकदा चोळून पाहिला. वाफ थोडी कमी झाली, काचेवर पिठासारखा पापुद्रा आला आणि दिवसभर भजीच्या दुकानात उभे असल्यासारखे वाटत राहिले. टूथपेस्ट मात्र कोणी सुचवली तरी लावू नये, तिच्यात दात घासण्यासाठी जे खरखरीत कण असतात ते प्लॅस्टिकच्या काचेवर कायमचे ओरखडे पाडतात. वायपर बंद पडले की गाडीच्या पुढच्या काचेवर तंबाखू चोळणारे जुने चालक तुम्ही पाहिले असतील. तत्त्व तिथेही हेच, पाण्याला थेंब होऊ न देता पसरवायचे, परंतु ती खरी काच असते आणि डोळ्यांपासून हातभर लांब असते. पॉलिकार्बोनेटला अमोनियायुक्त काचस्वच्छक, थिनर आणि पेट्रोल हे तिन्ही वर्ज्य आहेत. पेट्रोलचा हात लागला तरी काही काळाने तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसू लागतात.

सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत जास्त फरक पाडणारी वस्तू कोणती, असे विचाराल तर ती काचेशी संबंधितच नाही. नाकावर चपखल बसणारा, निओप्रीन या रबरी कापडाचा, पुढे आणि खाली छिद्रे असलेला अर्धा मुखवटा मी तिसऱ्या पावसाळ्यात घेतला. त्यामुळे उच्छ्वास वर गॉगलच्या फोमकडे न जाता हेल्मेटच्या हनुवटीकडच्या जाळीतून बाहेर पडतो. बर्फात स्नोमोबाइल चालवणाऱ्यांच्या हेल्मेटमध्ये याच कामासाठी श्वासाची पेटी बसवलेली असते. माझ्या मुखवट्याच्या नाकाकडच्या कडेत वाकवता येणारी पत्र्याची पट्टी नव्हती, ती मी जुन्या कापडी मास्कमधून काढून शिवून टाकली आणि त्यानंतर तो खरा उपयोगी पडू लागला. तोटा असा की दमछाक झाली की त्यात गुदमरल्यासारखे होते, आणि तासाभराने तो ओला झाला की काढून पिळावा लागतो. ज्यांना नाकावर काही नको असेल त्यांनी निदान दोन गोष्टी कराव्यात: हेल्मेटच्या हनुवटीच्या जाळीमागे धुळीसाठी बसवलेला फोमचा तुकडा पावसाळ्यात काढून ठेवावा आणि बालाक्लावा (हेल्मेटच्या आत घालायची डोके-तोंड झाकणारी टोपी) किंवा बफ नाकाच्या खाली ठेवावा. नाकावर ओढलेला सुती बफ म्हणजे उच्छ्वासाला थेट गॉगलमध्ये नेणारी चिमणीच होय.

दुसरा फुकटचा उपाय फोमचा. चेहऱ्याला लागणारा तीन थरांचा फोम घाम शोषण्यासाठी असतो, आणि एकदा भिजला की तोच दिवसभर आत बाष्प सोडत राहतो. पावसाळ्यात पुण्यातही तो एका रात्रीत वाळत नाही. शनिवारी वापरलेला गॉगल रविवारी सकाळी हाताला कोरडा लागतो, पण दाबला की पाणी सुटते. म्हणून दोन दिवसांच्या फेरीत मी दोन गॉगल नेते. दुसरा झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह. घरी आल्यावर गॉगल पंख्याखाली, काच वर आणि फोम मोकळा राहील असा ठेवते. उन्हात किंवा गरम इंजिनावर ठेवून वाळवल्यास कडेची पट्टी सुटण्याचा धोका असतो. घामासाठी कपाळावर पातळ पट्टी बांधणे हेही उपयोगाचे आहे, विशेषतः लांब केस हेल्मेटमध्ये कोंबणाऱ्यांना.

थांबल्यावर गॉगल कपाळावर चढवायची सवय आपल्या सगळ्यांना असते आणि फोटोत ते बरेही दिसते. पण तापलेले कपाळ, ओले केस आणि त्यावर पालथी घातलेली काच म्हणजे पुन्हा तीच कढई. थांबताच पट्टा सैल करून गॉगल हेल्मेटच्या मागे फिरवावा किंवा काढून हातात धरावा आणि गाडी हलण्याच्या क्षणी (चष्मा असेल तर दोन मिनिटे आधी) घालावा. हे करायला लागल्यापासून माझा निम्मा त्रास कमी झाला, हे मी तीन हजारांहून जास्त खर्च करून झाल्यावर शिकले. भातलावणीच्या दिवसांत खाचरांतून इरले पांघरून वाकलेल्या बायका दिसतात तेव्हा त्यांचा हेवा वाटतो: डोक्यावर पाऊस नाही, तोंडासमोर काच नाही, आणि हवा चहूबाजूंनी मोकळी.

बाहेरच्या चिखलासाठी काचेवर चिकटवून एकेक उपटून टाकायचे पातळ पापुद्रे मी वापरत नाही, कारण आपल्या वाटा लोकांच्या शेतांतून आणि गुरांच्या कुरणांतून जातात आणि ते प्लॅस्टिक तिथेच पडते. फिरकीवर फिल्म गुंडाळणारी रोल-ऑफची यंत्रणा शर्यतीसाठी उत्तम आहे, मात्र संततधारेत फिल्म आणि काच यांच्यामध्ये पाणी शिरून ती चिकटते. म्हणूनच चांगल्या रोल-ऑफच्या काचेवर बारीक उंचवटे असतात आणि वर चिखल अडवणारी पट्टी लागते. ट्रेलला माझ्या मते हेल्मेटचे लांब ‘पीक’ (कपाळावरचा पुढे आलेला छज्जा) आणि खिशातले ओले फडके पुरते. ज्यांची फेरी निम्मी डांबरी रस्त्याने आहे आणि ज्यांचे हेल्मेट व्हायझरचे, म्हणजे तोंडावर पारदर्शक झडप असलेले आहे, त्यांनी गॉगलच्या फंदात न पडता पिनलॉकची आतली काच पाहावी. नेदरलँड्समधल्या या कंपनीची काच व्हायझरमधल्या दोन खुंट्यांवर बसते, कडेच्या सिलिकॉनच्या पट्टीमुळे मध्ये हवेचा थर राहतो आणि ती स्वतः ओल शोषते. म्हणजे तत्त्व दुहेरी गॉगलचेच. 70 आणि 120 अशा तिच्या श्रेणी मिळतात, आणि आपल्या पावसाला कमी क्षमतेची घेऊन उगाच पैसे वाचवू नयेत. मात्र व्हायझरमध्ये तशा खुंट्या असाव्या लागतात, आणि चढावर दमछाक होत असताना बंद व्हायझरच्या आत जो उकाडा होतो त्यापुढे मला गॉगलच बरा वाटतो.

दुहेरी काचेच्या माझ्या गॉगलला तीन हजारांच्या थोडे वर पडले, आणि बदलीच्या काचेला जवळपास त्याच्या निम्मे. एकेरी काच याच चौकटीला पाचशेच्या आत मिळते, म्हणून धुळीच्या दिवसांत मी तीच बसवते आणि दुहेरी काच जूनपासून सप्टेंबरपर्यंत राखून ठेवते. तिचे आयुष्य त्यामुळे दुप्पट होते. घेण्यापूर्वी दुकानात आपले हेल्मेट घेऊन जावे, चष्मा घालून गॉगल बसवून पाहावा आणि नुसती काच सुटी मिळते का, किती दिवसांत मिळते, हे विचारून घ्यावे. मला ती मागवून घ्यायला ऑगस्टमध्ये सव्वीस दिवस लागले आणि तोवर मोसमाचे चार चांगले रविवार गेले. यंदा जादा काच मी मे महिन्यातच सांगून ठेवली आहे.